विहिरीचं गिऱ्हाईक

"गिऱ्हाईक कोण?" हा प्रश्न सुलभा दर वर्षी पहिल्याच तासाला फळ्यावर लिहायची आणि खडू टाकून गप्प बसून राहायची. समोर अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाची पोरं. कोणी म्हणायचं शेतकरी, कोणी म्हणायचं कंपनी, एखादा आगाऊ "सरकार" म्हणून हशा मिळवायचा. सगळ्यांचं बोलून झालं की ती एक रिकामी खुर्ची ओढून टेबलाशी लावायची आणि तिच्या पाठीवर खडूनं लिहायची, रोही. रोही म्हणजे नीलगाय. आमच्या वऱ्हाडात तिला नीलगाय म्हणणारा माणूस एकतर वनखात्यातला असतो नाहीतर पाहुणा. पुढच्या आठवड्यात त्याच खुर्चीवर सायाळ यायची, मग घोरपड. वर्षभर जे काही बनवायचं ते त्या खुर्चीतल्या गिऱ्हाइकाला विचारून बनवायचं. गिऱ्हाईक बोलत नाही, फॉर्म भरत नाही, तेव्हा त्याला विचारायचं म्हणजे तासन् तास लांब बसून बघायचं, एवढाच तिचा अभ्यासक्रम.

विषयाला कागदावर लांबलचक नाव होतं. पोरं त्याला 'जनावरांचा तास' म्हणायची. मेहकरकडून हिवरा आश्रमाच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला माळावर जे कॉलेज दिसतं, तिथे हा तास भरायचा. यंदा अकरा जण होते आणि त्यातले सात दुसरीकडे जागा मिळाली नाही म्हणून आलेले, हे सुलभाला पक्कं ठाऊक होतं. तिला त्याचं काही वाटायचं नाही. आपण पोरांना एकदा शेताच्या धुऱ्यावर, बांधावर नेऊन बसवलं की पोरं आपली होतात, असा तिचा वीस वर्षांचा अनुभव होता. या अनुभवाचा तिला थोडा गर्वही होता.

तिच्या वर्गात नियम एकच. गिऱ्हाइकाकडे आपण जायचं, गिऱ्हाइकाला आपल्याकडे ओढून आणायचं नाही. रोह्याच्या पाणवठ्यावर यंत्र बसवायचंय? मग आठ दिवस पाणवठ्यावर जा. त्याला दाणे टाकून कॉलेजच्या मैदानात बोलावून फोटो काढलेत की तुम्ही नापास.

हिमानी त्या सात जणांतली नव्हती. ती हा विषय मुद्दाम मागून, नाव लिहून आली होती. चिखलीच्या एका कारकुनाची मुलगी, बारीक चणीची, तोंडाची फटकळ. पहिल्याच महिन्यात तिनं अख्खी दुपार बाभळीखाली बसून एका सरड्याच्या हालचाली लिहून आणल्या होत्या, आणि शेवटी लिहिलं होतं, "मी शिंकले तेव्हा तो पळाला. चूक माझी." ते वाक्य वाचून सुलभानं वही मिटली आणि घरी जाईपर्यंत ती एकटीच हसत होती. इतक्या वर्षांत एका तरी पोराला हे नेमकं कळलं, असं तिला वाटलं होतं. आपल्यानंतर हा विषय हीच शिकवील, इथवर तिच्या मनानं धाव घेतली होती.

कॉलेजच्या आवारात एक कुत्री होती. काळी, पांढरी, तांबूस अशा ठिगळांची, म्हणून हिमानीनं तिचं नाव गोधडी ठेवलं. सुलभाच्या डब्यात रोज एक पोळी जास्तीची असायची ती गोधडीची. सुलभा ती हिमानीच्या हाती द्यायची, कारण गोधडी इतर कोणाच्या हातून खायची नाही. कोणीतरी तिला लहानपणी चांगलंच बडवलं असावं. माणूस जवळ आला की ती दहा हात लांब सरकायची, फक्त हिमानीनं हाक मारली की येऊन पायांत लोळायची. एकदा तिनं वर्कशॉपमधल्या गनीचाचांची भाकर पळवली आणि हिमानी तिला रागावली, तेव्हा गोधडी पोट जमिनीला घासत, शेपूट पायांत घालून नुसतं टोक हलवत सरपटत आली होती आणि हिमानीच्या पायांवर हनुवटी ठेवून पडून राहिली होती. सुलभानं तेवढ्यावर एक अख्खा तास घेतला. "बघा, हे लाडात येणं नाही," ती म्हणाली, "ही माफी आहे. आपलं चुकलंय असं वाटलं की कुत्रं असं येतं. शेपूट हललं म्हणजे खुशीच, असं समजू नका."

यंदा खुर्चीवर जे गिऱ्हाईक बसलं ते विहिरीत पडणारं. आमच्याकडे शेताशेतांत विहिरी, आणि निम्म्यांना कठडा नाही. रानडुक्कर, ससा, कोल्हा, कधी रोही, कधी बिबट्याही अंधाराचा येतो आणि धपकन आत जातो. आतून दगडी बांधणी सरळसोट. पोहून पोहून दमतो आणि बुडतो. हिमानी, संघपाल आणि ऋत्विक या तिघांनी त्यासाठी शिडी करायला घेतली. खाली रिकाम्या प्लास्टिक कॅनचा तराफा, पाणी चढेल उतरेल तसा तो वरखाली होणार. त्यावरून वरपर्यंत तिरकी लाकडी उतरण, आणि उतरणीवर टायरच्या पट्ट्या.

पट्ट्यांची अक्कल अब्दुल गनींची. रोहिणखेडचा हा माणूस तीस वर्षं कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये पोरांना कानस धरायला शिकवत होता. "ट्रॅक्टरचा टायर घ्या," ते म्हणाले, "पाण्यानं भिजला तरी खूर सरकत नाही त्याच्यावर. अन् पट्टीपट्टीत एक वीत ठेवा. जास्त ठेवली तं सशाचे हाल, कमी ठेवली तं डुकराचा पाय अडकन." मग आपली शेळी आणून त्यांनी ती आवारातच, कोरड्या जमिनीवर टेकवलेल्या उतरणीवर चढवून दाखवली. शेळी वर जाऊन उभी राहिली आणि खाली उतरायला तयार होईना. तो दिवस सगळ्यांचाच फार आनंदाचा गेला.

पुढे राज्यस्तरावरच्या स्पर्धेत शिडीची निवड झाली. पहिला नंबर आला तर तीन गावांतल्या सगळ्या उघड्या विहिरींना शिड्या बसणार होत्या. संचालकांनी सुलभाला खोलीत बोलावून चहा पाजला आणि गोड आवाजात सांगितलं की अकरा पोरांसाठी एक विषय चालवणं आता कठीण आहे. पण बक्षीस आलं तर बघू. म्हणजे काय बघणार ते तिला समजलं. शिडी जिंकली तर जनावरांचा तास चालू, नाहीतर बंद.

स्पर्धेची एक अट होती. शिडी खऱ्या प्रसंगात वापरली गेल्याचं चित्रण हवं, फेब्रुवारी संपायच्या आत. कॉलेजच्या मागच्या जुन्या विहिरीत आणि शेजारच्या दोन मळ्यांत शिड्या बसवल्या. हालचाल झाली की चालू होणारा कॅमेरा ऋत्विकनं प्रत्येक विहिरीवर लावला. आणि मग सगळे वाट बघायला लागले.

काही पडेना. एक आठवडा गेला, दुसरा गेला. सुलभा सकाळी आवारात शिरली की हिमानी समोर यायची आणि सुलभा गाडीवरून उतरायच्या आत विचारायची, "पडलं का गं काही?"

"नाही, मॅडम."

तिसऱ्या आठवड्यात ती गाडी उभी न करताच विचारायला लागली.

फेब्रुवारीच्या सव्वीस तारखेला सकाळी हिमानी फाटकाशीच उभी होती. चेहरा पांढरा, केस कपाळाला चिकटलेले. "मॅडम, पडलं," ती म्हणाली. "आपली गोधडी. आम्ही आलो तं पाण्यात होती. चढली, मॅडम! शिडीनं चढून वर आली!" ऋत्विकच्या कॅमेऱ्याची बॅटरी नेमकी रात्रीच उतरली होती, पण संघपालनं मोबाइलवर घेतलं होतं. चाळीस सेकंदांचं चित्रण. काळं पाणी, तराफ्यावर दोन पंजे, मग भिजलेली गोधडी पट्टी पट्टी चढत वर येते आणि चित्र थांबतं. सुलभानं हिमानीला तिथेच मिठी मारली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. अर्जाच्या शेवटच्या पानावर छापलं होतं, 'सदर घटना आपोआप घडलेली असून तीत विद्यार्थ्यांचा कोणताही हस्तक्षेप नाही', आणि त्याखाली मार्गदर्शक शिक्षकाची सही. सुलभानं गाडीच्या सीटवरच कागद ठेवून सही ठोकली.

गोधडी त्यानंतर पुढच्या उजव्या पायानं लंगडत होती. दगडावर घासला असेल, असं हिमानी म्हणाली.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याहून तीन परीक्षक आले. हिमानीनं आठ दिवस आरशासमोर 'मले' चं 'मला' आणि 'काऊन' चं 'का' करण्यात घालवले होते, आणि बोललीही झकास. सभागृहात संचालक, प्राध्यापक, मागच्या रांगेत हात पुसत गनीचाचा. मग ऋत्विकनं मोठ्या पडद्यावर चित्रण लावलं. घाई म्हणा की घबराट, त्यानं कापलेली फीत लावायची ती मूळचीच लावली. शेवट आठ सेकंद लांब निघाला.

गोधडी वर आली. इथे चित्र थांबायला हवं होतं, थांबलं नाही. तिनं अंग झटकलं. चित्रणात कोणीतरी टाळ्या वाजवल्याचा आवाज आला. गोधडीनं मान वळवून इकडेतिकडे पाहिलं, आणि मग तिनं पोट जमिनीला टेकवलं. शेपूट पायांत घालून, नुसतं टोक हलवत, ओल्या मातीतून सरपटत सरपटत ती हिमानीपाशी गेली आणि तिच्या बुटांवर तिनं हनुवटी ठेवली.

सभागृहात "अगं बाई!" उमटलं. परीक्षक बाईंनी छातीवर हात ठेवला. "किती कृतज्ञता आहे बघा!" त्या म्हणाल्या. "जीव वाचवल्याचं त्या मुक्या जिवालाही कळतं." टाळ्यांचा कडकडाट झाला. संचालक सगळ्यांत जोरात वाजवत होते.

सुलभाचे हात मांडीवर तसेच राहिले. जे जनावर आपणहून विहिरीत पडतं ते वर आल्यावर पळतं. वाट फुटेल तिकडे पळतं, माणसाचं तोंड बघत नाही. माफी मागत ते येत नाही. माफी तेव्हाच मागतं, जेव्हा आपल्या माणसानं आपल्याला काहीतरी केलेलं असतं आणि का केलं ते त्याला उमगत नाही. हे तिनंच शिकवलं होतं, याच पोरांना. तिनं मागं वळून पाहिलं. गनीचाचा टाळ्या वाजवत नव्हते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मान खाली घातली आणि उठून बाहेर गेले.

प्रश्नोत्तरं जेवणानंतर ठेवली होती. सुलभानं हिमानीला हाताला धरून वर्कशॉपमध्ये नेलं.

"गोधडी पडली होती का?"

"मॅडम, शिडी चांगली आहे ना? चढली ना ती?"

"मी शिडीचं विचारलं नाही."

हिमानी लेथच्या कडेला टेकून उभी राहिली. आठ दिवस घोटलेली भाषा तिच्या तोंडातून गळून पडली. "टाकली," ती म्हणाली. "म्याच टाकली. दुसऱ्या कोणाच्या हाती ते आलीच नसती. संघपालनं दोनदा बलावलं, ते लांबूनच पाहे. मग म्या पोळी दाखवली, तं आली." मग तिनं पुढचंही सांगितलं. "आदल्या दिवशी तुम्ही देलेली पोळी होती, मॅडम. म्या ठेवून देली होती."

सुलभानं वर्कशॉपचं दार लोटून घेतलं.

"किती वेळ होती पाण्यात?"

"सहा मिनटं. मले वाटलं लगेच शिडीकडे जाईन. ते जायेच ना. मी ज्या बाजूले उभी होती त्याच बाजूच्या भिंतीले पंजे मारे. माह्याकडे पाहे अन् पंजे मारे. नख तिथंच तुटलं तिचं. मग मी शिडीच्या बाजूले जाऊन उभी राह्यली, तवा आली."

सुलभाला तिच्या कानशिलात भडकवावीशी वाटली. अशी चीड तिला कधी कोणत्याच पोराची आली नव्हती. सरड्याची वही, "चूक माझी" हे वाक्य, बाभळीखालची दुपार, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं आणि त्यातलं खरं काय होतं तेच तिला कळेना. "तू माझ्याकडून सही घेतलीस," ती म्हणाली. "मी मिठी मारली, ती मारू दिलीस. माझंच गिऱ्हाईक केलंत तुम्ही लोकांनी. काय होता गं आपला नियम? एकच तर होता."

हिमानीनं मान वर केली. ती रडत होती, पण आवाजात राग होता. "अन् तुम्ही? तुम्ही रोज सकाळी काय इचारत होत्या? पडलं का काही. रोज! मी नाही म्हटलं का तुमचं तोंड उतरे. जनावर पडाव म्हणून वाट कोण पाहून राह्यलं होतं, मॅडम? मी एकटी?"

बाहेर कुणीतरी ताटं गोळा करत होतं, त्याचा आवाज येत राहिला. पोरगी यावेळी खोटं बोलत नव्हती. तीन आठवडे सकाळी उठल्यावर पहिला विचार सुलभाच्या मनात तोच यायचा. एखादा ससा तरी. एखादं डुकराचं पिल्लू. जनावरांची बाजू घेणारी बाई, आणि जनावर कधी विहिरीत पडतं म्हणून देव पाण्यात घालून बसलेली.

"आता सांगू नका ना," हिमानी म्हणाली. "शिड्या बसतीन, मॅडम. खरीखुरी जनावरं वाचतीन. तुमचा तास राहीन. गोधडीले तं काहीच नाही झालं."

खरं म्हणजे हे सगळंच सुलभाचं स्वतःशी म्हणून झालं होतं, वर्कशॉपपर्यंत चालत येताना.

दोन वाजता सगळे पुन्हा बसले. परीक्षक बाई फार प्रसन्न होत्या. पट्ट्यांतल्या अंतराबद्दल त्यांनी विचारलं, तराफ्याच्या वजनाबद्दल विचारलं, आणि हिमानीनं नीट उत्तरं दिली. मग बाई सुलभाकडे वळल्या. "तो शेवटचा क्षण आम्ही कोणीच विसरणार नाही. फक्त नोंदीसाठी विचारते, मॅडम. कुत्री आत पडली कशी?"

सुलभा उभी राहिली. संचालक हसून मान डोलवत होते. हिमानी तिच्याकडे पाहत होती, आणि त्या पाहण्यात भीती कमी होती, खात्री जास्त होती. मॅडम आपल्या आहेत, ही खात्री.

"पडली नाही," सुलभा म्हणाली. "टाकली."

कुणाला नीट ऐकू आलं नसावं, म्हणून तिनं पुन्हा सांगितलं. "आणि ती आभार मानायला आली नव्हती. माफी मागायला आली होती. तिला वाटलं, चूक तिचीच झाली. त्या पानावरची सही माझी आहे. ती मी परत घेते."

"कोणी टाकली?" संचालक अर्धवट उठले होते.

हिमानीचं नाव तिच्या जिभेवर आलं होतं. "आमच्या वर्गानं," ती म्हणाली. "मीही त्यात धरा."

पुढचं तासाभरात आटोपलं. परीक्षक चहा न घेता गाडीत बसले. पुढच्या वर्षी हा विषय नसल्याचं संचालकांनी जिन्यातच सांगून टाकलं, आणि त्यासाठी ते थांबलेसुद्धा नाहीत. गनीचाचा तेवढे विहिरीकडे गेले आणि शिडीच्या दोऱ्या ओढून बघून आले. "राहू द्या तिले तिथंच," ते सुलभाला म्हणाले. "शिडीनं कोणाचं काय बिघडवलं?"

हिमानी व्हरांड्याच्या पायरीवर बसली होती. सुलभा जवळून जायला लागली तेव्हा ती वर न बघता म्हणाली, "तुम्ही माह्यासंगं असं काऊन केलं, मॅडम? साऱ्यांसमोर. मले वाटलं होतं, तुम्ही तरी…"

सुलभा दोन पायऱ्या वर थांबली. तिला या पोरीला माफ करता येत नव्हतं, आणि तिच्या शेजारून निघूनही जाता येत नव्हतं. तिनं पिशवीतून डबा काढला. गडबडीत दुपारची पोळी द्यायची राहून गेली होती. तिनं ती पुढं धरली आणि मैदानाकडे हाक मारली. चिंचेखाली गोधडी उठून उभी राहिली. तिनं पोळीकडे पाहिलं, सुलभाकडे पाहिलं, आणि दहा हात मागं सरकली.

मग गोधडीला हिमानीच्या हुंदक्याचा आवाज आला.

गोधडी लंगडत मैदान ओलांडून आली. शेवटच्या पाच हातांवर तिनं पोट जमिनीला टेकवलं, शेपूट पायांत घातलं आणि फुफाट्यातून सरपटत येऊन हिमानीच्या बुटांवर हनुवटी ठेवली.